गूळपाण्याची परतफेड

कोकण रेल्वेच्या नांदगाव रोड स्थानकावर भर वैशाखात उतरून आडवाटेने निघालेल्या अनोळखी पांथस्थाला एखाद्या पडवीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळते, तेव्हा त्या उपकाराची परतफेड तो कधी करणार? बहुधा कधीच नाही. १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलेला परस्पर-परोपकाराचा सिद्धांत वारंवार भेटणाऱ्यांनाच लागू पडतो. मग पुन्हा न भेटणाऱ्याला पाणी का द्यावे, हे कोडे मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड यांनी १९९८ मध्ये, म्हणजे योगायोगाने कोकण रेल्वे सलग सुरू झाली त्याच वर्षी, गणिताने उकलले: उपकाराची नोंद पाहणाऱ्यांच्या दप्तरी होते आणि मोबदला तिऱ्हाइताकडून वसूल होतो. अट एवढीच की, एखाद्याचा लौकिक इतरांस ठाऊक असण्याची संभाव्यता ही उपकाराचा खर्च भागिले त्याचा लाभ या गुणोत्तराहून अधिक असावी. आता गुळाच्या खड्याची किंमत ती काय, आणि तहानेल्याचा लाभ केवढा! शिवाय कुणाकडे कोण आले याची वार्ता जिथे दिवेलागणीपूर्वी वाडीभर होते, तिथे ज्या चौकसपणाला आपण एरवी नावे ठेवतो, तोच बिनपगारी हिशेबनीस ठरतो. तेव्हा वाचकहो, असे पाणी प्यालात, तर पुढे भेटेल त्याला ते घर कोणते हे अवश्य सांगा.