चाकावरचा चिमुकला पहारेकरी

दोस्तांनो, बारामतीहून इंदापूरला मोटारसायकलवर जाताना उसाच्या ट्रॉल्या, खड्डे अन् रणरणतं ऊन! त्यात चाकातली हवा गुपचूप कमी झाली, तर गाडी वळणावर डगमगते. आधीच सावध करणारा पहारेकरी म्हणजे टायरचा सेन्सर. व्हॉल्व्हवर टोपणासारखा बसतो, दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी हँडलवरच्या पडद्यावर आकडा धाडतो.

घेताना काय बघाल? पाणी आत शिरू नये, सेल बदलता यावा. रबरी व्हॉल्व्हवर जड सेन्सर नको.

टायर तापला, की दाब वाढतो. म्हणून सकाळी, गार टायरचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. सेन्सर पंक्चर थांबवत नाही, फक्त सांगतो. तो नसेल, तर साधा हवेचा मीटरही चालतो. मग उद्या बाबांना आठवण कराल ना?