हृदयाच्या तपासणीतील 'रंग'

हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, करावयाची म्हटले की घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "तो रंग आत गेल्यावर हृदय बंद तर पडणार नाही ना?" ही शंका अगदीच निराधार नव्हे.

हा 'रंग' वस्तुतः आयोडीनयुक्त रंगहीन द्रव होय. आयोडीन क्ष-किरणांना अडविते, म्हणून रक्तवाहिनी चित्रात उमटते. १९५८ साली अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांच्या एका रोग्याच्या हृदयधमनीत हा द्रव अनवधानाने थेट शिरला. हृदय काही क्षण थांबले. रोग्यास खोकावयास लावताच ते पुन्हा चालू झाले. त्या घटनेतूनच आजची तपासणी जन्मास आली.

जुने द्रव रक्ताच्या पाच ते सात पट तीव्र असत. त्यामुळे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाई, रक्तदाब उतरे, ठोके मंदावत व हृदयाचे आकुंचन क्षीण होई. डुमसचे खारे पाणी डोळ्यांना झोंबते, गोडे पाणी तितके झोंबत नाही. तसाच हा प्रकार. स्वीडनचे डॉ. टॉर्स्टन अल्मेन यांनी १९६९ साली सौम्य द्रवाची कल्पना मांडली. आजचे द्रव रक्ताच्या दोन-तीन पट, तर काही रक्ताइतकेच तीव्र असतात. म्हणून हृदयावरील परिणाम बहुधा अल्प व क्षणिक असतो.

तथापि हृदय दुर्बल असल्यास, मूत्रपिंडाचा विकार असल्यास, मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास किंवा पूर्वी अशा द्रवाने अंगावर पित्त उठले असल्यास ते डॉक्टरांस आधीच सांगावे. भीतीपोटी तपासणी टाळू नये व संकोचापोटी माहिती लपवू नये.