बॅक ऑफिसातून डेस्ककडे, आणि उलट

क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपचा, म्हणजे कंपन्यांच्या कर्जावर उतरवलेल्या एका प्रकारच्या विम्याचा, धंदा २००५ पर्यंत इतका वाढला होता की कागदपत्रं कितीतरी मागे पडली होती. सौदा फोनवर व्हायचा, बुकात नोंदला जायचा, त्यावर रोजचा नफातोटाही निघायचा. पण ‘आपण नेमकं हेच ठरवलं’ असं दोन्ही बाजूंनी लेखी मान्य व्हायला महिनेच्या महिने जायचे. त्यात एखादा पक्ष आपली बाजू परस्पर तिसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा आणि मूळ समोरच्याला त्याचा पत्ताही नसायचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने १४ बड्या डीलर संस्थांना बोलावून घेतलं आणि साचलेलं काम संपवायला लावलं. त्यातला काही वाटा मुंबईच्या उपनगरांतही यायचा. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, एका परदेशी गुंतवणूक बँकेच्या कन्फर्मेशन टीममध्ये, मी त्याच सुमारास नोकरीला लागले.

दुपारी सुरू होणारी लंडन शिफ्ट, रात्री उशिरा घरापर्यंत सोडणारी ऑफिसची गाडी, आणि मधल्या वेळात करारांमागून करार. कोणत्या कंपनीच्या कर्जावर विमा उतरवला आहे, मुदत कधी संपते, हप्ता किती, दिवस कसे मोजायचे, कोणती घटना घडली तर कंपनी बुडाली असं धरायचं, हे सगळं समोरच्या बँकेच्या कागदाशी शब्दन्‌शब्द जुळवायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी वाटायचं आणि आमच्यातल्या अनेकांनाही तसंच वाटायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. सौदा म्हणजे शेवटी दोन संस्थांनी एकमेकींना दिलेला शब्द. तो शब्द कुठे निसटू शकतो हे त्या खुर्चीतून जितकं नीट दिसायचं, तितकं नंतर मला कुठूनच दिसलं नाही.

तरीही तिथे फार काळ राहायचं कुणाच्या मनात नसायचं. आमच्या बोलण्यात सतत एकच शब्द असायचा, आयजेपी, म्हणजे अंतर्गत जागांची जाहिरात. सध्याच्या कामात ठरावीक काळ काढलेला हवा, वार्षिक रेटिंग बरं हवं आणि मॅनेजरची संमती हवी, या त्याच्या अटी. यातली तिसरी सगळ्यांत अवघड. मॅनेजर वाईट असायचे असं नाही. पण चांगला माणूस सोडला तर बदली माणूस मिळायला तिमाही जायची, आणि मिळाला तरी त्याला केटी देण्यात, म्हणजे काम शिकवून हाती सोपवण्यात, आणखी तिमाही. त्यामुळे जो काम उत्तम करायचा तोच अडकून पडायचा. मला सोडणाऱ्या मॅनेजर बाईंनी मात्र एकच अट घातली होती: जाण्याआधी सगळे अवघड क्लायंट कुणालातरी नीट शिकवून जा. ती अट किती रास्त होती, हे स्वतः माणसं सांभाळायला लागल्यावर कळलं.

२००८ च्या सुरुवातीला मी प्रॉडक्ट कंट्रोलमध्ये गेले. ट्रेडरांच्या डेस्कने आज किती कमावलं किंवा गमावलं हे ट्रेडरच्या शब्दावर न ठेवता स्वतंत्रपणे काढायचं, आणि तो आकडा कशामुळे आला ते सांगायचं, हे तिथलं काम. व्याजदर हलले म्हणून इतका, क्रेडिट स्प्रेड हलले म्हणून इतका, नव्या सौद्यांतून इतका, आणि उरलेला न उलगडलेला. महिनाअखेरीला ट्रेडरने लावलेल्या किमती बाहेरच्या स्रोतांशी पडताळायच्या. पूर्वी ज्या कराराची कलमं मी वाचत असे, तोच करार आता हलणारा आकडा म्हणून समोर यायचा.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. १० ऑक्टोबरला लेहमनच्या रोख्यांची किंमत ठरवणारा लिलाव झाला आणि भाव निघाला शंभराला ८.६२५. म्हणजे लेहमनवर संरक्षण विकलेल्यांनी शंभरामागे ९१.३७५ द्यायचे. त्या आठवड्यांत प्रॉडक्ट कंट्रोलमधली मंडळी विचारायची की अमुक सौद्याचे पैसे नक्की येणार ना, कुणाकडून येणार. त्याचं उत्तर आकड्यांत नव्हतं, कन्फर्मेशनमध्ये होतं. ते कुठे शोधायचं आणि जुन्या टीममध्ये कुणाला फोन करायचा हे मला ठाऊक होतं. टीम बदलण्याचा फायदा म्हणून लोक पगार आणि पदनाम सांगतात. मला तो त्या फोनमध्ये सापडला.

पवईत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींवर तेव्हा वेगळीच वेळ आली होती. लेहमनचं तिथलं सेवाकेंद्र ऑक्टोबरमध्ये जपानच्या नोमुराने घेतलं. मैत्रिणींनी कुठलाही अर्ज केला नव्हता, पण टीम तीच राहिली आणि बँक मात्र बदलली.

पण या वर्षांकडे मागे वळून पाहताना मला लेहमनहून जास्त महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीची जानेवारी. २४ जानेवारी २००८ रोजी पॅरिसच्या सोसिएते जनरालने ४.९ अब्ज युरोंचा तोटा जाहीर केला. जेरोम केर्विएल २००० मध्ये त्या बँकेच्या मिडल ऑफिसात, म्हणजे ट्रेडरांचे सौदे तपासणाऱ्या विभागात, लागला होता, नंतर ट्रेडरचा साहाय्यक झाला आणि २००५ मध्ये डेल्टा वन डेस्कवर ट्रेडर. शेवटी त्याने उभी केलेली पोझिशन जवळपास ५० अब्ज युरोंची होती, बँकेच्या स्वतःच्या बाजारमूल्याहून मोठी. ती झाकायला तो उलट दिशेचे खोटे सौदे नोंदवायचा आणि त्यांची पडताळणी होण्याची वेळ आली की रद्द करून दुसरे टाकायचा. कोणती तपासणी कधी होते, हे त्याला मिडल ऑफिसमुळे माहीत होतं.

आमच्या मजल्यावर ही बातमी आली तशी एक चर्चाही घेऊन आली: मागच्या खोल्यांतल्या माणसांना डेस्कवर जाऊ द्यावं का? शंकेला पूर्वेतिहास होता. निक लीसन १९८९ मध्ये बेअरिंग्जच्या सेटलमेंटमध्ये लागला, जकार्तात अडकलेले कागद सोडवून त्याने नाव कमावलं, आणि १९९२ मध्ये सिंगापूरला गेल्यावर सौदे करणं आणि सौदे मिटवणं दोन्ही त्याच्याच हाती आलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये ८२७ दशलक्ष पौंडांच्या तोट्याखाली १७६२ सालची ती बँक बुडाली आणि आयएनजीने ती एका पौंडाला घेतली. पुढे २०११ मध्ये लंडनच्या यूबीएसमध्ये क्वेकू अडोबोलीचं प्रकरण उघडकीस आलं, तोटा २.३ अब्ज डॉलर. त्याचीही सुरुवात ऑपरेशन्समधूनच.

तिन्ही नावं एका ओळीत ठेवली की निष्कर्ष तयारच दिसतो, आणि अनेक व्यवस्थापकांनी तो काढलाही. मला तो चुकीचा वाटतो. लीसनकडे दोन खुर्च्या एकाच वेळी होत्या, तिथे बदलीचा दोष नव्हताच. केर्विएलच्या बाबतीत तर अधिक बोलकी गोष्ट आहे ती दुसऱ्या बाजूच्या माणसांची. नोव्हेंबर २००७ मध्ये युरेक्स या एक्स्चेंजनेच त्याच्या सौद्यांबद्दल बँकेला विचारणा केली होती. बँकेतल्या यंत्रणेनेही पुन्हा पुन्हा इशारे दिले होते. तपासणाऱ्यांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली आणि फाइल बंद झाली. ठरलेली पायरी त्यांनी पूर्ण केली. मिळालेलं उत्तर खरं असू शकतं का, हे जोखायला डेस्कवर बसलेल्याची नजर लागते, आणि ती नजर तपासणीच्या खोलीत नव्हती.

ती कशी असणार? गुंतवणूक बँकेत माणसं वाहतात एकाच दिशेने, पैशाकडे. ऑपरेशन्समधला प्रॉडक्ट कंट्रोलकडे पाहतो, तिथला रिस्ककडे, रिस्कमधला डेस्ककडे. प्रत्येक टप्प्यावर बोनसचा फरक आणि मानाचा फरक. उलट सहसा कुणी येत नाही. त्यामुळे दहा वर्षांत मागच्या खोल्यांचं सगळं ज्ञान पुढे जाऊन बसतं आणि पुढच्या खोलीचं काहीच मागे येत नाही.

मी एकदाच उलटा प्रवास पाहिला. तोवर मी मार्केट रिस्कमध्ये गेले होते. एक ट्रेडर घरच्या कारणाने डेस्क सोडून आमच्या शेजारच्या प्रॉडक्ट कंट्रोल टीममध्ये आला. पहिल्याच आठवड्यात त्याने नफ्यातोट्याचा अहवाल बाजूला ठेवला आणि रद्द झालेल्या व दुरुस्त केलेल्या सौद्यांची यादी मागितली. आम्ही ती तोवर फक्त संख्या म्हणून पाहायचो, गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी. तो एकेका ओळीवर थांबून विचारायचा: हा सौदा रद्द झाला तेव्हा बाजार कुठे होता? त्याच ट्रेडरने त्याच दिवशी दुसरं काय केलं? समोरचा पक्ष कोण लिहिला आहे, आणि तो खरंच असा सौदा करतो का? त्यातून कुठला घोटाळा निघाला नाही, पण त्या टीममधल्या नव्या मुलांनी अहवाल वाचायची पद्धत बदलली. आणि ती शिकवण देणाऱ्या माणसाकडे त्याच्या जुन्या डेस्कवरचे लोक, बिचारा मागे गेला, म्हणून पाहत होते. मला त्याचा तेव्हाही राग आला होता.

२००८ नंतर नियम पुष्कळ आले आणि बहुतेक चांगले आले. टीम बदलताच जुने अ‍ॅक्सेस बंद. फक्त निव्वळ नाही, तर ढोबळ पोझिशनवरही मर्यादा. सलग सक्तीची रजा, कारण केर्विएलने २००७ मध्ये जवळपास सुट्टीच घेतली नव्हती. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस अचानक रजेवर पाठवा, असं आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये बँकांना सांगितलं. पण हे सगळे नियम जाणाऱ्या माणसाला अडवण्याचे आहेत. डेस्कवरचा माणूस वर्षभर मागे पाठवा आणि त्याचा पगार कमी करू नका, असा नियम मी पाहिला नाही.

आता पहिली पायरीच बदलते आहे. कन्फर्मेशनचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक जुळणीने होतो. भारतीय शेअर बाजार २७ जानेवारी २०२३ पासून पूर्णपणे टी प्लस वनवर, म्हणजे सौदा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी मिटवण्यावर, आला आणि अमेरिकेचा २८ मे २०२४ पासून. चूक शोधायला पूर्वी जो वेळ मिळायचा तो राहिला नाही, त्यामुळे ती माणसाऐवजी यंत्र शोधतं. गोरेगावात, खराडीत, हिंजवडीत रुजू होणारी मुलं थेट रिस्क मॉडेलच्या किंवा डेटाच्या टीममध्ये बसतात. त्यांतल्या अनेकांनी एकही करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

ती मला विचारतात, पहिली बदली कुठे मागू? मी प्रॉडक्ट कंट्रोल सांगते. तिथे एका हाताला डेस्क असतं आणि दुसऱ्या हाताला ऑपरेशन्स, आणि दोघांनाही रोज प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. त्याआधी आहे त्या टीमच्या मॅनेजरला भेटा, कोणतं काम कुणाला शिकवून जाणार ते लिहून द्या, आणि नव्या जागी गेल्यावर जुन्या टीममधल्या दोन माणसांशी तरी बोलणं तोडू नका, एवढं त्यांना सांगते. आणि ज्यांच्या हातात बदल्यांवर सही करणं आहे, त्या माझ्या वयाच्या मंडळींना दरवर्षी एकच विनंती करते: डेस्कवरच्या निदान एका माणसाला या वर्षी मागे पाठवा, पूर्ण पगारावर, आणि परत यायची जागा राखून.