घरची हत्यारे

घरगुती दुरुस्तीसाठी बाजारात हत्यारांची तयार पेटी मिळते. बहुधा तिच्यात नग पुष्कळ आणि पोलाद बेताचे. त्यापेक्षा गृहस्थाने हातोडी, पक्कड, तीन पेचकस, एक पाना व एक कानस एवढीच हत्यारे एकेक पारखून घ्यावीत.

पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरले पाहिजे. ते सैल बसल्यास खाच झिजते, आणि निसटलेले टोक दुसऱ्या हाताच्या तळव्यात शिरण्याचा संभव असतो. यासाठी सपाट टोकाचे लहानमोठे दोन आणि अधिकाच्या चिन्हासारख्या टोकाचा एक, असे पेचकस असावेत.

हातोडी अर्धा किलो वजनाची पुरे. तिच्या दांड्यातील लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने गेलेल्या असाव्यात. आडव्या रेषांचा दांडा ऐन वेळी मोडतो. रंगविलेला दांडा तर नकोच, रंगाखाली गाठ लपते.

पक्कड दाबून मिटावी आणि उजेडाकडे धरून पाहावी. कापणाऱ्या धारांमधून प्रकाश दिसला, तर ती तार कापण्याऐवजी चेपील. तिच्या दांड्यांवरील प्लॅस्टिकचे आवरण पाहून मात्र भलेभले फसतात. ते पुष्कळदा केवळ मुठीच्या सोयीचे असते. घरातील वीज २३० व्होल्टची. तेव्हा त्या कामासाठी १००० व्होल्टची खूण असलेलीच पक्कड घ्यावी, आणि तीही मुख्य बटण बंद केल्यावरच हाती धरावी.

पान्याचा सरकता जबडा डुगडुगता नसावा. कानशीला लाकडी मूठ हवी, नाहीतर तिची टोकदार शेपटी हातात रुतते. पेटीत ती कापडात गुंडाळून ठेवावी. इतर हत्यारांवर घासून तिचे दाते बोथट होतात.