एकटीचा खेळ आणि संघाचा चषक

(नभोवाणीवरील भाषण)



मोहर्ली हें आमचें गांव ताडोबाच्या अरण्याच्या दाराशीं वसलेलें आहे. एकीकडे इरई धरणाचें पाणी, दुसरीकडे साग-बांबूचें रान. आणि पाहुणा आला कीं त्याचा पहिला प्रश्न वाघाविषयींचा. अशा गांवच्या एका निवृत्त शिक्षकानें टेनिसविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. आमच्या मुलींच्या ओळखीचे खेळ म्हणजे खो-खो आणि कबड्डी. परंतु ज्या स्पर्धेची माहिती आज सांगावयाची आहे, तिची कथा रॅकेटची कमी व संधीची अधिक आहे. आणि संधीचा प्रश्न पुण्यामुंबईइतकाच मोहर्लीसही लागू आहे.

टेनिस हा मुळांत एकट्याचा खेळ. खो-खोमध्यें एक गडी दमला तर दुसऱ्यास खो देतां येतो. टेनिसमध्यें तशी सोय नाहीं. जिंकणारी एकटी जिंकते व हरणारी एकटीच हरते. अशा खेळास संघाचें रूप देण्याची युक्ति पुरुषांच्या डेव्हिस चषकानें इ. स. १९०० सालीं काढली. स्त्रियांसाठींही असा चषक असावा, ही सूचना हेझल वाइटमन या अमेरिकन खेळाडू बाईंनीं १९१९ सालीं मांडली. ती मान्य झाली नाहीं. बाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं स्वतःच एक चषक दिला व १९२३ पासून अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांच्या स्त्रिया त्यासाठीं खेळूं लागल्या. परंतु सर्व देशांस खुली अशी स्पर्धा निघण्यास १९६३ साल उजाडावें लागलें. म्हणजे पुरुषांच्या मागून त्रेसष्ट वर्षांनीं, आणि वाइटमनबाईंच्या सूचनेनंतर चव्वेचाळीस वर्षांनीं!

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघास त्या वर्षीं पन्नास वर्षें पूर्ण झालीं होतीं, म्हणून स्पर्धेस फेडरेशन चषक असें नांव मिळालें. लंडनच्या क्वीन्स क्लबवर सोळा देशांचे संघ जमले. बक्षिसाची रक्कम नव्हती. खर्चही ज्याचा त्यानें करावयाचा होता. अंतिम लढत अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यांत झाली. एकेरीचा एकेक सामना दोघांनीं जिंकला आणि निकाल दुहेरीवर येऊन ठेपला. अमेरिकेच्या जोडीनें पहिला डाव गमावला, दुसरा १३-११ असा झुंजून घेतला व तिसरा जिंकून चषक मिळविला. त्या जोडींत एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिचें नांव बिली जीन मॉफिट. हीच पुढें बिली जीन किंग म्हणून प्रसिद्धीस आली. स्त्री-खेळाडूंस पुरुषांइतकेंच पारितोषिक मिळावें म्हणून तिनें झगडा केला, आणि १९७३ सालीं स्त्रियांची स्वतंत्र टेनिस संघटना स्थापन केली. २०२० सालापासून हा चषक तिच्याच नांवानें ओळखला जातो.

दोन एकेरी व एक दुहेरी, असें या लढतीचें साधें गणित आहे. दोन एकेरींत बरोबरी झाली म्हणजे दुहेरीवर सारें अवलंबून राहतें. यामुळें जागतिक क्रमवारींत अगदीं वरची नसलेली, पण जोडीदारिणीस संभाळून घेणारी खेळाडू येथें देशाच्या उपयोगी पडते. संघाच्या स्पर्धेचें मर्म हेंच आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे मुंबईच्या लीला राव, सन १९३४. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव संस्कृतांत काव्यें रचीत आणि स्वतः टेनिसही खेळत. ज्या घरांत आईच्या हातीं लेखणी आणि रॅकेट दोन्ही होत्या, त्या घरची मुलगी विम्बल्डनपर्यंत पोंचली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

एप्रिल २०२५ मध्यें या चषकाच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती पुण्यास बालेवाडी येथें झाल्या. सहा संघ आणि पांच दिवस; प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें व पहिल्या दोघांनीं पुढें जावयाचें. भारत न्यूझीलंडकडून हरला. परंतु थायलंड, हाँगकाँग, चिनी तैपेई व दक्षिण कोरिया या चौघांस हरवून दुसरा आला. श्रीवल्ली भामिडिपाटी हिनें आपले एकेरीचे पांचही सामने जिंकले. दुहेरीची धुरा अंकिता रैना व प्रार्थना ठोंबरे यांनीं वाहिली. अंकिताचा जन्म गुजरातेंतला, पण तिची तालीम पुण्याची. प्रार्थना सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीची. २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर हिनेंच कांस्यपदक मिळविलें होतें. पुढें नोव्हेंबरांत बंगळूर येथें स्लोव्हेनिया व नेदरलँड्स यांच्याशीं गांठ पडली. तेथून स्लोव्हेनिया पुढें गेला व आपली वाट थांबली. त्याच वर्षीं चषक इटलीनें जिंकला. पण बार्शीची मुलगी देशाच्या संघांतून खेळते, हें यश पराभवानें पुसलें जात नाहीं.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. एका शाळेंत मी पुष्कळ वर्षें वेळापत्रक आंखीत असें. खेळाच्या तासाला मैदान मुलांना, आणि मुलींना वर्गांत शिवण-टिपण, असा माझा नेम होता. मैदान लहान आहे, असें मी कारण सांगें. मुलींनीं तक्रार केली नाहीं, आणि मीं त्या मौनासच संमति मानलें. एकदां एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, आमची पाळी केव्हां?” मीं म्हटलें, “पुढच्या वर्षीं.” तें पुढचें वर्ष माझ्या वेळापत्रकांत कधींच आलें नाहीं. वाइटमनबाईंस नकार देणारे अधिकारी कांहीं दुष्ट नसतील. तेही बहुधा माझ्यासारखेच वेळापत्रक आंखणारे सज्जन गृहस्थ असावेत.

आज मैदान नाहीं ही सबब तितकीशी चालणार नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत बल्लारपूरजवळ विसापूर येथें क्रीडासंकुल उभें आहे. डिसेंबर २०२३ मध्यें तेथें राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. उणीव आहे ती तासाची, घरच्या परवानगीची आणि वडीलधाऱ्यांच्या मनाची. आपल्या घरच्या मुलीनें टेनिसच खेळावें असा माझा आग्रह नाहीं. खो-खो खेळो, कबड्डी खेळो, धावो. पण तिला “पुढच्या वर्षीं” असें सांगूं नका. एका चषकाला चव्वेचाळीस वर्षें थांबतां आलें. मुलीचें बालपण तितकें थांबत नाहीं.