इस्पितळातील यंत्रांची दुरुस्ती : होतकरू कारागिरांसाठी रोजगार

रेडिओ, टीव्ही आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीवर ज्यांची घरे चालली, त्या कारागिरांकडे आता गिऱ्हाईक कमी येते. वस्तू बिघडली की लोक नवी घेतात. इस्पितळाला तसे करता येत नाही. तेथील अनेक यंत्रे लाखो रुपयांची असतात आणि एखादे बंद पडले की रुग्णाचे उपचार अडतात. ही यंत्रे चालू ठेवणाऱ्यास बायोमेडिकल टेक्निशियन म्हणतात. ज्याचा हात सोल्डरिंगला बसला आहे आणि ज्याला मल्टिमीटर वाचता येतो, त्याला हे काम परके नाही. फक्त दुकानातील एक सवय त्याला सोडावी लागते. ती म्हणजे जुगाडाची.

नवशिक्याच्या हाती प्रथम व्हेंटिलेटर देत नाहीत. त्याच्याकडे ईसीजी मशीन, पेशंट मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन मशीन आणि ऑटोक्लेव्ह येतात. बहुतेक तक्रारी साध्या असतात : ईसीजीची लीड तुटली, बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, सक्शनचा फिल्टर चोंदला, ऑटोक्लेव्हच्या दाराचे रबर झिजले. कधी यंत्रात दोष नसतोच, बटण चुकीचे दाबलेले असते. अशा वेळी सिस्टरशी वाद न घालता यंत्र कसे वापरावे हे समजावून सांगणे हाही कामाचाच भाग आहे. वॉर्डातून आलेल्या यंत्रावर रक्त किंवा थुंकी असू शकते. म्हणून ते जंतुनाशकाने पुसून, हातमोजे घालूनच उघडावे.

आता जुगाडाविषयी. बाजारातील दुकानात फ्यूज नसला तर तार गुंडाळतात आणि अर्थिंगची पिन मोडली तर दोन पिनांवर काम भागवतात. इस्पितळात यामुळे माणसाचा जीव जाऊ शकतो. साधारण 1 मिलिअँपिअर करंट हाताला जेमतेम जाणवतो. पण ज्या रुग्णाच्या हृदयापर्यंत नळी किंवा तार घातलेली असते, त्याला याच्या दहाव्या हिश्शाएवढा करंटही घातक ठरू शकतो. म्हणून हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णाकडे झिरपणाऱ्या करंटची मर्यादा नेहमीच्या स्थितीत 10 मायक्रोअँपिअर, म्हणजे 1 मिलिअँपिअरचा शंभरावा भाग, इतकी ठरविलेली आहे. अर्थिंग तुटलेले यंत्र चालूच राहते, पडद्यावर आकडेही दिसतात आणि धोका मात्र कोणाला दिसत नाही.

याच कारणाने येथे ‘चालू झाले’ म्हणजे ‘दुरुस्त झाले’ असे धरत नाहीत. दुरुस्तीनंतर सेफ्टी ॲनालायझरवर अर्थिंगचा रोध आणि गळतीचा करंट मोजतात. मग यंत्राचा क्रमांक, तक्रारीची वेळ, बदललेला भाग आणि चाचणीचे आकडे रजिस्टरमध्ये लिहून सही करतात. काही अनर्थ घडला तर पहिली विचारणा याच नोंदीची होते.

कारागिराने स्वतःचा जीवही सांभाळला पाहिजे. डिफिब्रिलेटर बंद केल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. एमआरआयचे चुंबक तर रात्रंदिवस चालू असते. 2018 साली मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता.

शिक्षणाचे दोन सरळ मार्ग आहेत. आयटीआयमध्ये टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तंत्रनिकेतनात मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची तीन वर्षांची पदविका मिळते. दोन्हींसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. मात्र दोन्ही अभ्यासक्रम सर्वच संस्थांत नाहीत, म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी करावी. इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअल वाचण्याची तयारी हवी, कारण या कामात दुसरा उस्ताद तोच.

नोकरी इस्पितळात मिळते, यंत्र बनविणाऱ्या कंपनीत मिळते किंवा देखभालीच्या ठेकेदाराकडेही मिळते. केंद्र सरकारने 2015 साली सरकारी इस्पितळांतील यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार जिल्हा रुग्णालयातील यंत्रे 95 टक्के, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील 80 टक्के वेळ चालू ठेवण्याची अट ठेकेदारावर आली. साहजिकच त्याला माणसे लागतात.

पुढे अनुभव आल्यावर लहान नर्सिंग होमची वार्षिक देखभाल स्वतः घेता येते. येथे व्यापाऱ्याने हिशेब नीट समजून घ्यावा. साध्या कराराला एएमसी म्हणतात, त्यात सहसा मजुरीच असते. सीएमसीमध्ये सुटे भागही आपल्याच गळ्यात येतात. बॅटऱ्या आणि प्रोब यांच्या किमती न काढता सीएमसीवर सही केली, तर एका महागड्या प्रोबमध्ये वर्षाची कमाई जाऊ शकते. करारात कोणते भाग धरले आणि कोणते वगळले, हे नावानिशी लिहून घ्यावे.

हातात हुन्नर असलेल्या तरुणाने सुरुवात ॲप्रेंटिसशिपने करावी. पगार पाहण्याआधी त्या इस्पितळात ॲनालायझर आहे का आणि रजिस्टर रोज लिहिले जाते का, हे पाहावे. जेथे या दोन्ही गोष्टी आहेत, तेथे काम खरे शिकायला मिळेल.