जिप्सीतून खालीही बघा!
टिपेश्वरला सगळ्यांचे डोळे वाघाकडे. नाल्याकाठी गाडी थांबली की जरा पाचोळ्याकडेही बघा, नारिंगी डोक्याचा कस्तूर दिसेल (नशीब हवं!). निळसर-राखाडी पाठ, पांढरा गळा, गालावर दोन उभे काळपट पट्टे. हे पट्टे आपल्या दक्षिणेकडच्या उपजातीची खूण. हिमालयातल्या भावंडाला ते नसतात.

सागाचं वाळलेलं पान चोचीनं उलटायचं, खालचा किडा किंवा गांडूळ उचलायचं, की पुढचं पान. पडलेली उंबरंही चालतात. चाहूल लागली की जागीच थिजतो, मग शोधून दाखवा!

पावसाळा विणीचा. वाटीसारखं घरटं, बहुधा तीन-चार अंडी, नर-मादी दोघंही उबवतात; साधारण 13-14 दिवसांत पिल्लं. कधीकधी चातक त्यातच आपलं अंडं घुसवतो. आणि गाणं? पहाटे ऐका. इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो पठ्ठ्या!